दट्ट्या हळू दाबावा

भोर,
१० नोव्हेंबर २०२४

चि. वनिता हीस,
थोरल्या भावाचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद, वि. वि.

कागद बघून दचकू नकोस, घरात सगळी बरी हायत. परवा तुझा फोन आला तवा आवाज डब्यात खडे हलवल्यागत येत होता, म्हणून म्या ‘व्हय, लई छान’ म्हणून ठेवून दिला. मागनं सम्राट म्हणाला की आत्या पाय मुरगळल्याचं सांगत होती. आता कसा हाय पाय? त्या मोबाईलचं काय खरं न्हाई. आपला कागदच बरा, कुठं छान म्हणायचं अन् कुठं हळहळायचं ते तरी कळतं.

लिहायचं कारण वेगळंच. सूनबाईच्या कॉफीनं माझं डोकं उठलंय. तुझी वहिनी गेल्यापासनं सकाळचा चहा म्याच टाकतो, आलं ठेचून, दूध घालून. सम्राट पाळीवर जाताना पिऊन जातो, अन् वर म्हणतो की आईच्या हातची चव आली. एकट्या अश्विनीला तो चालत न्हाई. तिला लॅबमध्ये सकाळी लवकर जावं लागतं, लोकांचं रक्त तपासायचं तर डोळा उघडा पाहिजे, म्हणून कॉफी. कॉफीला माझं काय म्हणणं न्हाई. पण करायची रीत बघशील तर तू पण कपाळाला हात लावशील.

काचेचं एक उभं भांडं हाय. वर झाकण, झाकणातनं दांडी, दांडीच्या बुडाला बारीक जाळी. ह्याला फ्रेंच प्रेस म्हणत्यात. हॉस्टेलात होती तवापासनं तिच्याजवळ हाय म्हणे. त्यात कॉफीची पूड घालायची, गरम पाणी ओतायचं, झाकायचं अन् नुसतं बघत बसायचं. मग दांडी धरून दट्ट्या खाली दाबायचा, इतका हळू की गोगलगाय पुढं जाईल. दूध न्हाई, साखर न्हाई. अन् पूड कसली, तर गुरांच्या भरड्यासारखी जाड! मी म्हणालो, बाई, बारीक दळलीस तर निम्म्यात भागंल, सगळा अर्क उतरंल. तर मला म्हणती, मामा, ह्याला हात लावू नका.

एसटीच्या वर्कशॉपात माझा जन्म गेला. इंजिनाचे दट्टे ह्या हातानं उतरवले अन् चढवले. मला म्हणती, हात लावू नका! म्या तिचा पुडा मिक्सरमधनं काढून गंधागत बारीक करून ठेवलाय. बघू दे तिला, कॉफी कशाला म्हणत्यात ते.

नात राजनंदिनी आता घरभर पळती. दिवसभर माझ्याच राशीला असती, अन् मला पण तेच पाहिजे. पायाला हळदीचा लेप लाव. रखमाजीराव दाजींना जयभीम सांग.

भावावर माया ठेव, कमी पडली तर पुढच्या पत्रात मागून घेईन.
तुझा,
बाजीरावदादा


विंझर, ता. वेल्हे,
१७ नोव्हेंबर

ती. दादा यांस,
धाकट्या बहिणीचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र पावलं. पाय तुमच्या ‘लई छान’नं अजून ठणकतोय. भात झोडायचं राहिलंय अन् मी खाटल्यावर पाय वर करून बसलीय. आमचं हे दोन टोपल्या उचलल्या की कंबर धरत्यात. सगळीकडं नुसता वैताग.

दादा, तुमाला दुसरा उद्योग न्हाई का वो? पोरगी तिची कॉफी तिच्या पैशानं आणती, तिच्या हातानं करती, स्वतःचं भांडं स्वतः धुती. तुमच्या पोटात का दुखतं? गडावर जाणारी पोरंपोरी आमच्या दुकानापुढं गाडी थांबवून तसलीच काळी कॉफी मागत्यात. एकानं मला बिनदुधाची पाजली, मला काय ती रुचली न्हाई, पण त्या पोराचा चेहरा पिताना असा झाला होता जणू देणंघेणं सगळं मिटलं. ज्याची त्याची तलफ. वहिनी मिश्री लावायची तवा तुमी तिची डबी कधी लपवली होती का? त्या पुड्याला तुमी हात लावायचा नव्हता. तिला सांगून टाका अन् दुसरा आणून द्या.

अजून एक. सम्राटनं पुण्यासनं तुमच्या कानाचं मशीन आणलंय, ते कपाटात पडून हाय असं कळलं. कपाटाला ऐकू येत न्हाई, दादा. तुमाला यायला पाहिजे. लोक म्हातारा म्हणतील म्हणून घालत न्हाई, असं तुमी सम्राटला म्हणालात म्हणे. न घातल्यानं लोक काय म्हणत्यात ते तुमाला ऐकू येत न्हाई, एवढंच.

राजनंदिनीचा पापा घ्या. राग धरू नका, धरलाच तर पत्र लिहिण्यापुरता बाजूला ठेवा.
तुमची,
वनिता


भोर,
२८ नोव्हेंबर

चि. वनिता हीस,
आशीर्वाद, वि. वि.

घरात लई वाईट झालंय. अश्विनी पोरीला घेऊन शिवऱ्याला आईकडं गेली. सम्राट माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढतो अन् निघून जातो.

झालं ते सरळ लिहितो. सोमवारी तिला सुट्टी होती. म्या म्हणालो, आज मी करून देतो तुझी कॉफी. ती काय बोलली ते कळलं न्हाई, पण मान हलली, म्हणून म्या घेतलं करायला. तिनं दुसरा पुडा आणला होता, पण म्या माझी दळलेली बारीक पूडच घातली, चांगली मूठभर. पाणी खळखळा उकळलेलं ओतलं, वरनं चमच्यानं घुसळलं. दट्ट्या लावला तर निम्म्यातच अडला. खाली जाईना. अडलेला दट्ट्या आम्ही कसा बसवतो ते तुला काय सांगू. दोन्ही हात ठेवले अन् अंगाचं वजन टाकलं. काच फुटली. गरम पाणी तिच्या हातावर गेलं, मनगटापासनं कोपरापतूर. पोर तिच्या पायाशी होती. पोरीला काय झालं न्हाई.

माझं एवढंच म्हणणं हाय की ती शेजारीच उभी होती अन् एका शब्दानं बोलली न्हाई. थांबा म्हणाली असती तर मी थांबलो नसतो का? दगडागत उभी राहिली अन् नंतर रडाय लागली. दवाखान्यात म्याच नेलं. डॉक्टर म्हणाले डाग जाईल. घरी आल्यावर तिनं पिशवी भरली.

एका कॉफीपायी कुणी घर सोडतं का? तूच सांग. पोरीवाचून घर खायला उठतं. मी पिशवी भरून ठेवलीय, म्हणशील तर विंझरला येऊन राहतो. हितं माझं कुणाला काम न्हाई.

तुझा,
दादा


विंझर,
२ डिसेंबर

चि. सौ. अश्विनी हिला,
विंझरच्या आत्याचे लाख आशीर्वाद.

बाळा, हात कसा हाय? फोन करणार होते, पण फोनवर तू रडशील, मी रडेन, अन् बोलायचं राहून जाईल. म्हणून लिहितेय. पाय बरा असता तर आतापतूर शिवऱ्याला येऊन धडकले असते.

दादांचं पत्र आलं. त्यात ते म्हणत्यात की तू शेजारी उभी होतीस अन् बोलली न्हाईस. मला ते पटत न्हाई. मी तुला लग्नाच्या दिवसापासनं बघतेय, तू न बोलणारी न्हाईस. काय झालं ते मला लिही. भावाची बाजू घ्यायची म्हणून मी विचारत न्हाई. त्यांचं कुठं चुकलं ते त्यांना सांगणारं माझ्याशिवाय आता कुणी उरलं न्हाई, म्हणून विचारते.

अन् ती कॉफी नीट कशी करत्यात ते पण लिही. का ते विचारू नकोस.

तुझ्या आईला, धोंडाबाईंना, जयभीम. पोरीला माझ्या वाटचं कुरवाळ.
तुझी,
वनिताआत्या


शिवरे,
७ डिसेंबर

ती. आत्या यांना,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र आईनं मोठ्यानं वाचायला लावलं, आणि मग आम्ही दोघी रडलोच. हात बरा आहे. कातडी नवी येते आहे, खाज सुटते. लॅबमध्ये रजा टाकली आहे.

आत्या, मी ओरडले होते. ‘मामा, दाबू नका’ असं तीनदा ओरडले. शेजारच्या काकू दार उघडून बाहेर आल्या इतक्या मोठ्यानं. मामांची पाठ माझ्याकडे होती. ते दाबतच राहिले. राजनंदिनी माझा ड्रेस धरून उभी होती, काच फुटणार हे मला दिसत होतं, म्हणून मी तिला मागे ढकललं आणि हात मध्ये घातला. मान हलवली म्हणतात, तीही मी नको म्हणून हलवली होती.

पण मी कॉफीसाठी किंवा हातासाठी आलेले नाही. हे सम्राटलाही नीट सांगता आलं नाही मला. दिवाळीच्या आधी एकदा मी दुपारी घरी आले तर राजनंदिनी मोरीत कोंडली होती. दार आपोआप अडकलं होतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता. मामा दारापासून चार पावलांवर खुर्चीत पेपर वाचत होते. मला बघून हसले आणि म्हणाले, पोरगी आज लई शांत हाय, झोपली असंल. आत्या, त्यांचा त्या पोरीवर किती जीव आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. फक्त म्हणाले की मामा, मशीन घालत जा. ते म्हणाले, मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता.

आता मी कामावर जाऊ आणि पोरीला कुणाजवळ ठेवू? मोरीत पाण्याची बादली असती तर? मला त्यांच्यापासून वेगळं राहायचं नाही. पण ज्या घरात मी ओरडले तरी ऐकू जात नाही, तिथे तिला ठेवून जायचं धाडस माझ्यात नाही. मशीन घातलं तर मी उद्या येते. न घालता कुणी मला समजवायला येऊ नये, तुम्हीसुद्धा.

कॉफीचं विचारलंत म्हणून लिहिते. पूड भरडच हवी, जाड रव्यासारखी. बारीक झाली की जाळीतून गाळ उतरतो, कॉफी कडू होते आणि दट्ट्या अडतो. पाणी उकळल्यावर लगेच ओतायचं नाही, जरा दम घेऊ द्यायचा. पूड भिजेल एवढंच आधी ओतायचं, ती फुगून वर येते, मग हलक्या हातानं ढवळून बाकीचं पाणी. झाकून थोडा वेळ ठेवायचं. दट्ट्या हळू, आपल्या वजनानं जातो आहे असं वाटेल इतका हळू दाबावा आणि तळाशी चेपू नये. अडला तर वर घ्यायचा, जोर करायचा नाही. कपात लगेच ओतायची, भांड्यात राहिली तर कडू होते. एवढं केलं की ती अशी मऊ लागते की साखर आठवत नाही.

तुमच्या पायाला जपा. माझ्यावर रागवायचं असेल तर रागवा, पण परकी करू नका.
तुमची,
अश्विनी


विंझर,
११ डिसेंबर

ती. दादा यांस,
जयभीम.

आज खुशाली न्हाई, चेष्टा न्हाई.

ती ओरडली होती. तीनदा. शेजारीण दारात आली तेवढं. तुमाला ऐकू आलं न्हाई अन् तुमी लिहिता, दगडागत उभी राहिली.

अन् दिवाळीआधी राजनंदिनी मोरीत कोंडून आवाज बसेपतूर रडत होती, तवा तुमी दाराशी पेपर वाचत होता. अश्विनीनं हे कुणाला सांगितलं न्हाई, सम्राटला पण न्हाई. तुमची लाज राखली तिनं. मला विचारावं लागलं तवा कळलं.

वर्कशॉपात हातोड्यांचा आवाज ऐकून कान गेले, त्यात लाजायचं काय हाय? ती तुमची कमाई हाय. पोर हाक मारती अन् आजा बघत न्हाई, लाज त्याची वाटू द्या.

विंझरला यायचं न्हाई. आलात तर दारातनं परत लावीन. भरलेली पिशवी मोकळी करा. कपाट उघडा. अश्विनीनं कॉफीची रीत लिहिली हाय, ती ह्या पत्राच्या पाठीमागं उतरून देतेय. भांडं तुमी फोडलंय, तवा ती बनवायला तुमीच शिकायचं. मग शिवऱ्याला जावा, एकटे, मशीन घालून.

वनिता


भोर,
२२ डिसेंबर

चि. वनिता हीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तवा दोन दिस जेवण गेलं न्हाई. मोरीचं मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं, वनिता.

मशीन घातलंय. त्यापरीस कान कापून दिले असते. ह्या भोरात इतका आवाज कवापासनं हाय? कुकर शिट्टी मारतो तवा मी उठून उभा राहतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी दिवसभर खुर्च्या ओढतं. माझा मलाच घास चावल्याचा आवाज येतो. बाजारात गेलो तर भाजीवाली दुसरीला म्हणाली की आज ह्यांना भाव एकदाच सांगावा लागला. सगळं गाव एवढं दिस माझ्यापुढं ओरडत होतं अन् मी समजायचो, लोकच आता तापट झालेत.

सम्राटला म्या चिठ्ठी लिहिली, समोर बोलवेना. त्यानं वाचली, अन् दुसऱ्या दिवशी दुकानातनं काचेचं नवं भांडं अन् भरड कॉफीचा पुडा ओट्यावर ठेवून गेला.

आता ह्या कॉफीचं ऐक. इंजिन उतरवणं सोपं! पहिली केली ती जळक्या भाकरीगत. दुसरी नुसतं पाणी. एकदा ओतायचंच विसरलो, ती काढ्यासारखी कडू झाली. रखमाजीरावांना सांग, औषध म्हणून पाठवीन. अश्विनी लिहिती की पाण्याला जरा दम घेऊ द्यायचा. जरा म्हणजे किती, ते कुणी सांगायचं? काल मात्र एक ध्यानात आलं. पाणी उकळतं तवा खळखळ करतं. गॅस बंद केला की तो आवाज कमी कमी होत बसतो, अन् मग गप्प. तवाच ओतायचं. आधी मला हे कसं कळणार, सांग? कालची मऊ झाली. दट्ट्या हाताखाली नुसता गेला, कुठं अडला न्हाई. म्या कप पुढ्यात घेऊन बसलो, पण ती प्यायला पुढं कुणी नव्हतं.

परवा शिवऱ्याला जातोय.

माया असू दे. मागच्या पत्रातलीच पुरंल, पण कमी करू नकोस.
तुझा,
दादा


भोर,
३० डिसेंबर

चि. वनिता हीस,
दादाचा जयभीम अन् भरघोस आशीर्वाद, वि. वि.

आली. दोघी घरी आल्या. तुझ्या जीवाला घोर नको म्हणून आधी हे लिहिलं. आता बाकीचं सांगतो.

भांडं टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन स्वारगेटच्या गाडीत बसलो. कंडक्टर मागच्या पोराला म्हणाला की म्हाताऱ्याला खिडकी दे. म्हातारा म्हणजे मी, हे कळायला कापूरहोळ यावं लागलं. शिवऱ्याला उतरलो तर रस्त्याचे ट्रक कानात घुसल्यागत. मशीन काढून खिशात घालावं असं लई वाटलं. न्हाई काढलं.

धोंडाबाईंनी या म्हटलं, पाणी दिलं, पण चेहरा कडकच. अश्विनी आतच होती. राजनंदिनी आली ती थेट मांडीवर. मी अश्विनीला काय काय म्हणायचं ते गाडीत ठरवलं होतं, ते सगळं गेलं. चुकलं माझं, एवढंच निघालं. म्या विचारलं की कॉफी करू का, तर तिनं ओट्याकडं हात केला.

पाणी ठेवलं. पूड घातली, भरड. अश्विनी माझ्याकडं पाठ करून मोरीपाशी भांडी विसळत होती. नळ चालू, बाहेर ट्रक. त्यात ती तोंड न फिरवता, नेहमीच्या आवाजात, अगदी हळू म्हणाली की मामा, पाणी उकळलं का. मी म्हणालो, उकळलं बाई, पण अजून गुणगुणतंय, बसू दे त्याला. तिनं नळ बंद केला. वळली. माझ्या कानाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. ओल्या हातानं तोंड झाकून तशीच उभी राहिली. मी पण खाली बघून दट्ट्या हळू दाबत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

कप दिला. तिनं डाव्या हातानं घेतला, उजव्याची नवी कातडी अजून नाजूक हाय. एक घोट घेतला, मग दुसरा घेतला. अन् काय म्हणाली सांगू? म्हणाली, पूड अजून जरा भरड चालली असती. एवढं केलं तरी! मला असा संताप आला की विचारू नकोस. पण कप तिनं रिकामा केला. धोंडाबाईंना पण दिली. त्यांनी साखर मागितली.

मशीन सकाळी उठल्यापासनं झोपेपतूर घालायचं, असं ठरलं. मोरीच्या दाराची आतली कडी म्याच काढून टाकलीय, दार आपोआप लागू नये म्हणून खाली पाचर बसवलीय. रविवारी सम्राट जाऊन दोघींना घेऊन आला. माझ्याशी बोलतोय. कमीच, पण बोलतोय.

आता एक तक्रार. राजनंदिनी पाठीमागनं मला हाक मारती, ती मला पहिल्यांदा ऐकू आली. एवढं दिस समोर आली की नुसतं तोंड हललेलं दिसायचं अन् मी समजायचो, आजा म्हणती. वनिता, ती ‘ए बाज्या’ म्हणती. समोरच्या गल्लीतला गेनू, माझा वर्कशॉपातला जोडीदार, खिडकीखालनं मला तशी हाक मारायचा म्हणे, अन् म्या ओ देत न्हाई म्हणून शिव्या देत जायचा. पोरीनं ते उचललं. सम्राटला ठाऊक, अश्विनीला ठाऊक, सगळ्या गल्लीला ठाऊक. तोंड दाबून हसत होती सगळी अन् एकानं मला सांगितलं न्हाई! सांगितलं असंल पण.

अश्विनी तिला आजोबा म्हणायला शिकवतीय. म्या अजून त्यात पडलो न्हाई. फक्त पहिल्या हाकेला मुद्दाम ओ देत न्हाई. मग ती पळत येती, मांडीवर चढती, कानाला तोंड लावती अन् ओरडती. मशीन चिरकतं, डोकं झणाणतं. तरी बसतो तसाच.

पाय बरा झाला असंल तर ये. कॉफी करून घालतो. तुला आवडायची न्हाई, तरी ये.

तुझा,
बाजीरावदादा